रिंगणातल्या मेंढीचे जावळ बाहुलीच्या डोक्यावर

आषाढी वारीत तुकोबारायांची पालखी बारामतीचा मुक्काम उरकून इंदापूरच्या रस्त्याला लागते आणि वाटेत काटेवाडीला विसावते. परीट समाजाची मंडळी धोतराच्या पायघड्या अंथरतात. मग ज्यासाठी पंचक्रोशी रस्त्याच्या दोन्ही अंगांना दाटीवाटीने उभी असते, ते मेंढ्यांचे रिंगण सुरू होते. पालखीभोवती मेंढरे धावतात आणि पायांखालची धूळ माणसांच्या डोक्यावर जाते. या फेऱ्याने मेंढरांवर रोगराई येत नाही, अशी श्रद्धा सांगितली जाते. पुढे बेलवाडीला घोड्यांचे गोल रिंगण होते, पण मेंढ्यांचे रिंगण म्हटले की नाव काटेवाडीचेच निघते.

दुसऱ्या दिवशी त्या रिंगणाचा फोटो सगळ्या पेपरांत येतो. वाचकहो, त्या फोटोतल्या मेंढीच्या अंगावरच्या लोकरीचे पुढे काय होते, हे कधी कोणाला विचारले आहे का?

आम्हीही विचारले नव्हते. विचारायची वेळ आली ती एका टक्कल पडलेल्या बाहुलीमुळे. आता शेतीच्या पानावर बाहुली कशाला, असे म्हणून पान उलटू नका. बाहुलीवरून सुरू झालेली गोष्ट मेंढवाड्यावर जाते आणि तिथून ग्रामपंचायतीच्या दप्तरापर्यंत येते.

आमच्या आईने धाकट्या बहिणीसाठी चिंध्यांची एक बाहुली शिवली होती. जुन्या धोतराच्या कापडाचे अंग, आत कापूस, काळ्या दोऱ्याचे डोळे आणि डोक्यावर काळेभोर कुरळे केस. आई गेल्यावर ट्रंक उघडली तेव्हा बाहुली धड होती, पण डोके कसरीने खाऊन टाकले होते. मूळ जागेवर दोऱ्याचे टाके तेवढे उरले होते. बहीण म्हणाली, "अंगाला हात लावू नका, फक्त केस बसवून द्या. पण कुरळेच हवेत, आईने केले होते तसे."

काम सोपे वाटले. बारामतीच्या दुकानातून काळ्या लोकरीचा गुंडा आणला, पेन्सिलीवर गुंडाळला, ओला केला आणि वाळवला. दुसऱ्या दिवशी पेन्सिलीवरून काढला, तर संध्याकाळपर्यंत निम्मे वळण गेलेले. सुती दोरा घेऊन बघितला. तो वाळल्यावर झकास कुरळा दिसला, पण पावसाळी हवेत दोन दिवसांत लोळागोळा झाला. तेव्हा ध्यानात आले की आपण दुकानात ज्याला लोकर म्हणतो ती बहुतेक वेळा लोकर नसतेच, ते ॲक्रिलिक असते, म्हणजे कारखान्यातला कृत्रिम धागा.

ओळखायचे असेल तर बोटभर धागा चिमट्यात धरून काडीने पेटवा. खरी लोकर नाखुशीने जळते, काडी बाजूला केली की बहुधा विझते, केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटाने चुरडली जाते. ॲक्रिलिक भरभर पेटते, वितळते आणि थंड झाल्यावर कडक काळा मणी उरतो. जळता थेंब हातावर पडू शकतो, म्हणून हे लहान पोरांना करायला देऊ नका आणि खाली पाण्याची वाटी ठेवा.

मग खरी लोकर शोधायला आम्ही गाडी काढली. काटेवाडीच्या पुढे एका रिकाम्या वावरात मेंढरे बसवलेली होती. लोकर विकत द्याल का म्हणून विचारले, तर वाड्यावरच्या बाई हसायलाच लागल्या. "लोकर? ती बघा तिकडं बांधाला टाकलीय. लागंल तेवढी न्या. पैसं कसलं घेता!"

कातरायलाही पैसे, टाकायलाही जागा नाही

बारामती, इंदापूर, फलटण या पट्ट्यातली मूळची मेंढी दख्खनी. बहुतेक काळी, काही करडी, काही पांढऱ्या ठिपक्यांची. वर्षातून दोनदा कातरायची, एकदा पावसाळ्याच्या तोंडाला आणि एकदा दिवाळीच्या आगेमागे, वाड्यागणिक थोडे इकडेतिकडे. एका मेंढीची वर्षाची लोकर जेमतेम अर्धा किलो, फार तर थोडी जास्त. एकेकाळी या लोकरीवर मेंढपाळाचे मीठमिरचीचे भागत होते. धनगर बाया-माणसे चालता चालता टकळीवर सूत काढत. सणगर आणि खुटेकर ते सूत खड्ड्याच्या मागावर विणत, चिंचोक्याची खळ देत, आणि घोंगडे तयार होई. पावसात डोक्यावर, थंडीत अंगावर, देवाला बसायला खाली. घोंगड्याशिवाय शेतकऱ्याचे घर नव्हते.

पुढे गिरणीची स्वस्त ब्लँकेट आली, प्लास्टिकची इरली आली. घोंगडे राहिले ते देवकार्यापुरते आणि हौशी गिऱ्हाइकापुरते. गिरणीवाल्याला ही लोकर नको, कारण ती जाड, आखूड आणि वर काळी. काळ्यावर दुसरा रंग चढत नाही. मेंढपाळानेही हिशेब ओळखला. कातरणाऱ्याची मजुरी लोकरीच्या पैशातून निघत नसेल तर लोकरीची मेंढी पाळायची कशाला? म्हणून अनेकांनी माडग्याळी रक्ताचे नर वापरायला सुरुवात केली. जत भागातली ही मेंढी उंचपुरी, मटणाला चांगली आणि अंगावर लोकर जवळजवळ नाही. यात मेंढपाळाला दोष देता येत नाही. उसाखाली गायरान गेले, कालव्याकडेला बसायला जागा राहिली नाही, दिवाळीनंतर कोकणची वाट धरायची आणि पावसाळ्याआधी परत यायचे, त्यात लोकरीचे ओझे कोण वाहील?

तरीही जी दख्खनी मेंढरे उरली आहेत ती कातरावीच लागतात. नाही कातरली तर गोचीड, पिसवा, सराटे आणि ओलाव्याने कातडीचे रोग. म्हणजे कातरायचा खर्च टळत नाही आणि माल बांधावर कुजतो. तो लवकर कुजतही नाही, ही आणखी पंचाईत.

मेंढीचा दोष, बाहुलीचा गुण

ती बांधावरची लोकर घरी आणली, तेव्हा घरच्यांनी नाक मुरडले. पण दोन दिवसांनी त्यांनीच हातात धरून बघितली. का, ते सांगतो.

मऊ स्वेटरची जी मेरिनो लोकर, तिच्या धाग्याची जाडी साधारण २० मायक्रॉन. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपल्या दख्खनी लोकरीची जाडी ५० मायक्रॉनच्या आसपास. अंगाला टोचते ती याच कारणाने. आणि माणसाचा केस? तो साधारण ५० ते १०० मायक्रॉन. आता बोला. जी जाडी स्वेटरला चालत नाही ती केसाला तंतोतंत चालते. काळा रंग गिरणीला अडचणीचा, पण आपल्याकडच्या बाहुलीला केस काळेच लागतात आणि ते मेंढी रंगवूनच देते. उन्हाने टोके तांबूस झालेली असतात, तीही शेतात राबणाऱ्या पोरीच्या केसांसारखीच दिसतात.

त्यातही सर्वात उत्तम कोकराची पहिली कातरण. तिला आपल्याकडे जावळच म्हणतात. घरात बाळाचे जावळ काढतात तोच शब्द. जावळाचे घोंगडे मऊ म्हणून जास्त किमतीचे असते, हे जुन्या माणसांना सांगायला नको. मोठ्या मेंढीची लोकर बाहुलीला चालते, पण जावळ हाताला गुळगुळीत लागते आणि पिळही चांगला घेते.

वळण का टिकते, तेही समजून घ्या. लोकर आणि आपले केस एकाच प्रकारच्या प्रथिनाचे, केराटिनचे बनलेले. पाणी लागले की त्याच्या आतले काही बंध सुटतात आणि वाळताना धागा ज्या आकारात असेल त्या आकारात परत जुळतात. ओली वेणी घालून झोपलेल्या पोरीचे केस सकाळी लाटालाटांचे दिसतात ते यामुळेच. नुसत्या पाण्याने आलेले हे वळण पुन्हा पाणी लागले की जाते. पण बराच वेळ वाफ दिली तर आतले गंधकाचे बंधही नव्याने बसतात आणि वळण पक्के होते. सुताच्या दोऱ्याला ही सोय नाही. ॲक्रिलिकला गार पाण्याचे काही वाटत नाही, त्याला उष्णताच लागते. वाफेवर तेही कुरळे होते आणि टिकतेही, पण वाफ जास्त झाली किंवा इस्त्री टेकली की धागा मऊ पडून लोंबायला लागतो आणि तो परत सुधारत नाही.

आईचे गुपित

इथपर्यंत आल्यावर एका संध्याकाळी थोरली मावशी घरी आली होती. टेबलावर पेन्सिली, काड्या आणि लोकर पसरलेली. तिने बाहुली हातात घेतली आणि म्हणाली, "अरे, हिचे केस कुणी मुद्दाम कुरळे केले नव्हते. तुझ्या वडिलांचा स्वेटर उसवला होता, त्याची लोकर होती ती."

ज्या घरात सुया फिरत होत्या तिथल्या बायकांना हे लगेच कळेल. जुना स्वेटर उसवला की धागा नागमोडी निघतो. तो सरळ व्हावा म्हणून आया-आज्या त्याचे लड करून धूत आणि खाली वजन बांधून वाळवत, कारण कुरळ्या धाग्याचे नवे विणकाम खडबडीत होते. आपल्याला त्याच्या उलट करायचे आहे. जगभर बाहुल्या करणाऱ्या बायकाही हीच रीत वापरतात: आधी विणायचे आणि मग उसवायचे.

ते असे. लोकरीचा धागा घेऊन दोन सुयांवर बारा-चौदा टाक्यांची लांब पट्टी विणा. फार सैल नको, फार घट्टही नको. पट्टी कोमट पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवा, पिळू नका, टॉवेलमध्ये दाबून पाणी काढा. मग मोदकपात्रात किंवा इडलीच्या भांड्यात पंधरा-वीस मिनिटे वाफ द्या. पट्टीला उकळते पाणी लागता कामा नये, फक्त वाफ. नंतर सावलीत पूर्ण वाळू द्या. पूर्ण म्हणजे पूर्ण, एक दिवस तरी. घाई केली तर वळण अर्धे येते, हा आमचा अनुभव. वाळल्यावर शेवटचा टाका सोडून उसवत जा. बारीक, दाट, नागमोडी केस हातात येतात. सुई जाड घेतली तर लाट मोठी, बारीक घेतली तर लहान.

पण नागमोडी वेगळे आणि बटा वेगळ्या. स्प्रिंगसारख्या लोंबत्या बटा हव्या असतील तर धागा काडीवर गुंडाळावा लागतो. बांबूच्या कामट्या तासून घ्या, नाहीतर गुळगुळीत केलेल्या तुराट्या घ्या. सायकलची तार घेऊ नका, गंजाचा डाग पडतो. प्लास्टिकही नको, वाफेवर वाकते. धागा काडीवर शेजारी शेजारी, एकावर एक न चढवता, ताणून गुंडाळा आणि दोन्ही टोके दोऱ्याने बांधा. पुढची कृती तीच: कोमट पाणी, वाफ, सावली. इथे वाफ अर्धा तास द्यावी. काढताना ओढू नका. काडी फिरवत फिरवत बाहेर काढा. बट जितकी जाड हवी तितकी काडी जाड.

तिसरी रीत तुम्हा शेतकऱ्यांना शिकवायलाच नको. कासरा वळताना पीळ जास्त झाला की दोर स्वतःभोवतीच गुरफटतो ना? तसा धाग्याला हाताने किंवा टकळीवर भरपूर पीळ द्या, मध्ये दुमडा, तो आपोआप एकमेकांवर चढेल. त्या गुंडाळीला वाफ द्या आणि वाळल्यावर उलगडा. यातून येणारे केस वेडेवाकडे, खट्याळ पोराच्या डोक्यावर असतात तसे. आम्हाला स्वतःला हेच जास्त आवडले, पण बहिणीने नापसंत केले.

बांधावरची लोकर असेल तर त्याआधीची मेहनत वेगळी. सराटे, कुसळे, लेंडीचे कण हाताने निवडायचे. रिठ्याच्या कोमट पाण्यात बुडवून ठेवायची, चोळायची नाही. गरम पाण्यातून एकदम गार पाण्यात टाकली किंवा धुण्यासारखी आपटली तर ती घट्ट होऊन नमदा होतो आणि मग त्याचे केस होत नाहीत. तीन-चार पाणी बदलून सावलीत वाळवायची, पिंजायची, टकळीवर काढायची. हे काम चिकाटीचे आहे. गावात घोंगडीचे सूत काढणारी एखादी म्हातारी असेल तर तिच्याकडून सूतच घ्या. तिचे दोन पैसे होतील आणि तुमचे चार दिवस वाचतील.

केस बसवताना डिंक लावू नका. डिंकाने मुळे कडक होतात आणि वर्ष-दोन वर्षांत झडतात. मानेच्या बाजूने सुरुवात करून ओळी वर आणायच्या, प्रत्येक झुपका दुहेरी करून उलट्या टिपेने पक्का करायचा, भांग सगळ्यात शेवटी. कुरळा झाल्यावर धाग्याची लांबी निम्म्याच्या आसपास राहते, म्हणून कापताना दुप्पट धरा. कंगवा कधीही फिरवू नका. बोटांनीच सोडवायचे. कंगवा फिरवला की बटांचा कापूस होतो, आणि हे आम्ही एक अख्खे डोके खराब करून शिकलो.

जगात काय चालते

लोकरीच्या केसांची बाहुली ही काही नवी टूम नाही. अमेरिकेत जॉनी ग्रुएल या चित्रकाराने १९१५ साली रॅगडी ॲन या चिंध्यांच्या बाहुलीचे पेटंट घेतले. तिच्या डोक्यावर लाल लोकरीचे केस आहेत आणि ती आजही विकली जाते. १९८३ साली कॅबेज पॅच नावाच्या बाहुल्यांसाठी अमेरिकेतल्या दुकानांत झोंबाझोंबी झाली. त्यांच्या डोक्यावरही धाग्याचेच केस होते. युरोपात हाताने केलेल्या महागड्या बाहुल्यांना मोहेर वापरतात. मोहेर म्हणजे अंगोरा शेळीची चमकदार लोकर. आपल्या राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात एकेकाळी अंगोरा आणि संगमनेरी शेळीचा संकर मोहेरसाठी करून पाहिला होता. आपल्या भागात तो काही रुजला नाही.

आपल्याकडची ठकी लाकडाची आणि तिचे केस रंगवलेले. सावंतवाडीच्या लाकडी बाहुल्यांचेही तसेच. केस लावायची चाल आपल्याकडे चिंध्यांच्या बाहुलीत आणि गौरीच्या गंगावनात. गौरी सजवणाऱ्या घरांत केसांची हौस किती असते ते सांगायला नको. बाजारात मिळणारे गंगावन आता बहुतेक कृत्रिम धाग्याचे असते. लोकरीचे कुरळे गंगावन गौरीच्या मुखवट्याला शोभेल का? आमच्या मते शोभेल. घरातल्या गौरीला एकदा लावून बघायला काय हरकत आहे?

आता हिशेबाचे बोला

वाचकहो, इथे कोणाला स्वप्न विकायचे नाही. वीतभर उंचीच्या बाहुलीला मूठभर लोकर पुरते, हातभर बाहुलीला पन्नास ग्रॅमच्या आसपास. म्हणजे एका मेंढीच्या वर्षाच्या लोकरीत, निवडून, धुऊन, घट धरून, पाच-सात बाहुल्यांचे केस. शंभर मेंढ्यांच्या वाड्याची लोकर संपवायची तर शेकडो बाहुल्या कराव्या लागतील. तेव्हा बाहुलीने दख्खनी लोकरीचा प्रश्न सुटणार नाही. एका डोक्याला अर्धा दिवस हाताचे काम लागते, आणि किंमत आहे ती त्या अर्ध्या दिवसाची. लोकर जवळपास फुकट आहे म्हणून बाहुली स्वस्त विकायची, ही चूक बचत गटांनी करू नये. ज्या बाईने सूत काढले आणि ज्या वाड्यावरून जावळ आले, त्या दोघांचा वाटा आधी बाजूला काढा. फुकट मिळते म्हणून फुकट आणलेला माल दुसऱ्या वर्षी मिळत नाही. वाड्यावरच्या बाईला दोन पैसे दिसले तर ती जावळ वेगळे ठेवील, नाहीतर तेही बांधावरच जाईल.

जुन्या बाहुल्या दुरुस्त करण्याचे काम नव्या बाहुल्यांपेक्षा बरे चालेल, असे आमचे मत आहे. नवी बाहुली घ्यायची तर गिऱ्हाईक दुकानातल्या प्लास्टिकच्या बाहुलीशी तुलना करते. आईच्या हातच्या बाहुलीची तुलना कोणी कशाशी करत नाही.

विकायचे ठरवले तर सरकारी नियम माहीत असू द्या. १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचे झाले आहे. हस्तशिल्प विकास आयुक्तांकडे नोंदणी असलेल्या कारागिरांनी स्वतः करून विकलेल्या खेळण्यांना त्यातून सूट दिलेली आहे. म्हणून बचत गटातल्या बायकांनी आधी कारागीर म्हणून नोंदणी करून 'पहचान' ओळखपत्र घ्यावे आणि मगच जत्रेत मांडावे. पुण्याची भीमथडी जत्रा असो, मुंबईचे महालक्ष्मी सरस असो, तिथे गिऱ्हाईक विचारते आणि तपासणीसही विचारतो.

सरपंच आणि भाऊसाहेबांसाठी एक गोष्ट. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले दहा टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात. हा निधी वर्षअखेरीला घाईघाईने कसा संपतो ते आपण सगळे जाणतो. अंगणवाडीच्या बाहुलीघरात प्लास्टिकच्या पिवळ्या केसांच्या बाहुल्या बसलेल्या असतात. त्यांच्या जागी गावच्याच गटाने शिवलेल्या, काळ्या कुरळ्या केसांच्या चार बाहुल्या आल्या तर पोरांना त्या आपल्या वाटतील. पण एक पथ्य पाळा. तीन वर्षांखालच्या पोराच्या हातात सुट्या धाग्यांची बाहुली देऊ नका, ते तोंडात घालते आणि धागा घशात जातो. त्यांच्यासाठी केस विणलेल्या टोपीसारखे घट्ट शिवून टाकावेत.

आणखी दोन पथ्ये लोकर आणताना. अचानक मेलेल्या मेंढीची लोकर कधीही घेऊ नका, कोणी कितीही चांगली म्हणून दिली तरी. काळपुळीचा जंतू लोकरीत वर्षानुवर्षे टिकतो आणि माणसाला होतो. इंग्लंडच्या लोकर गिरण्यांत एकोणिसाव्या शतकात लोकर निवडणारे कामगार याच रोगाने दगावत. नुकतीच गोचीडनाशक औषधाने धुतलेल्या मेंढीची लोकरही त्या कातरणीला सोडा. वाड्यावर हे दोन प्रश्न स्पष्ट विचारावेत, त्यात कोणाला राग येत नाही.

कसरीचे तर आम्ही भोगलेच आहे. बाहुली ट्रंकेत बंद करून विसरू नये. दोन-तीन महिन्यांनी उन्हात ठेवून झटकावी आणि मग घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी. कडुनिंबाचा पाला सगळे ठेवतात, आम्हीही ठेवतो, पण भरवसा उन्हावर आणि झाकणावर. डांबराच्या गोळ्या मात्र खेळायच्या बाहुलीत घालू नका, त्या विषारी असतात.

आमच्या बाहुलीला शेवटी विणून-उसवूनच केस केले. जावळाचे सूत काटेवाडीच्या वाड्यावरच्या लोकरीचे, टकळी मावशीची, आणि टाके बहिणीने स्वतः घातले. दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही. मूळ टाक्यांची भोके कापडात दिसत होती, त्याच भोकांतून तिने सुई घातली. भांग थोडा डावीकडे आला आहे. तो आईचाही डावीकडेच होता, असे ती म्हणते.

तुम्हालाही करून बघायचे असेल तर पावसाळ्याच्या तोंडाची कातरणी सुरू होण्याआधी वाड्यावर जाऊन सांगून ठेवा. कोकरांचे जावळ वेगळ्या पिशवीत भरायला सांगा आणि पिशवी तुम्हीच न्या. मोठ्या मेंढ्यांच्या लोकरीत ते एकदा मिसळले की पुन्हा निवडता येत नाही.